कमरेवर नसतं तेव्हा

मिठी मारली तेव्हा माझ्या हाताला ते लागलं. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरात आम्ही काही जणी दरवर्षी कुणाच्या तरी घरी फराळाला जमतो. एकीने भाजणी आणायची, एकीने खोबरं किसून आणायचं, तळायला मात्र सगळ्यांनी मिळून बसायचं. माझी एक मैत्रीण तिचं दुकान बंद करून थेट तिथेच आली होती. जीन्स, वर ढगळ कुडता, केस कसेबसे वर बांधलेले. बरेच दिवसांनी भेटत होतो म्हणून मी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या उजव्या कमरेशी, कुडत्याच्या आत, काहीतरी टणक आणि कडा असलेलं माझ्या मनगटाला लागलं. मी हात काढून घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "गन आहे गं. मुलांसमोर नको बोलूस." मग तिने बेसिनवर जाऊन हात स्वच्छ धुतले, सोऱ्या ओढून घेतला आणि भाजणीचा गोळा आत दाबायला बसली.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच बघत होते. तेलाचा वास, चकल्या सोडतानाचा चुर्र आवाज, मुलांचा जिन्यावरचा दंगा, हे सगळं नेहमीसारखंच चाललं होतं आणि माझी नजर मात्र तिच्या कुडत्याच्या उजव्या बाजूवरून हटत नव्हती. काहीही दिसत नव्हतं. फक्त एकदा तिच्या हातून झारा खाली पडला तेव्हा ती कमरेतून वाकली नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात खाली बसली, झारा उचलला आणि उठली. वाकली असती तर कुडता पाठीवर ताणला गेला असता आणि आतला आकार उमटला असता. हे मला त्या वेळी कळलं नाही, पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की हिची पाठ दुखत असावी.

गाडीतून घरी येताना मनात भीती असायला हवी होती, किंवा राग. लहान मुलं होती घरात. पण माझ्या मनात होता तो हेवा.

तो का, हे सांगायला माझ्या कामाची जागा सांगावी लागेल. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करते आणि माझी पाळी रात्री साडेअकराला सुटते. इमारतीच्या मागच्या दारातून बाहेर पडायचं, एक रुंद रस्ता ओलांडायचा आणि पार्किंगच्या बहुमजली इमारतीत शिरायचं. आत पिवळसर दिवे असतात, त्यातला एखादा नेहमी फडफडत असतो. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात तिथे तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास साठलेला असतो. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर एक माणूस माझ्या मागून चालत आला. मी वेग वाढवला, त्याचाही वाढल्यासारखा वाटला. मी गाडीत बसले, दारं लॉक केली, तो पुढे निघून गेला. बहुतेक त्याची गाडी तिकडेच असावी. काहीही घडलं नाही. पण तेव्हापासून त्या दारातून बाहेर पडताना माझ्या खांद्यांना एक ताठरपणा येतो, तो घरी पोचेपर्यंत जात नाही. आणि इथे ही माझी मैत्रीण, दुकानाचा गल्ला घेऊन रोज रात्री एकटी निघणारी, निवांत चकल्या पाडत बसली होती. मला तिचा तो निवांतपणा हवा होता.

बंदूक मला परकी नाही. माझं आजोळ राधानगरीच्या बाजूचं. मामाकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी होती, पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. भुईमूग भरायला आला की रानडुकरं उतरायची, आणि मामा रात्री माळ्यावर बसून मधूनमधून हवेत बार काढायचा. घरात बाहेरच्या खोलीत ती भिंतीला उभी असायची, नाही तर खुंटीला टांगलेली. काडतुसं आजीच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आजीच्या कमरेला. खंडेनवमीला विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या ओळीत ती मधोमध ठेवली जायची. तिच्या नळ्यांना मामा आदल्या दिवशी तेल लावायचा आणि मग त्या तेलाच्या वासात झेंडूचा वास मिसळायचा. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. मामा ती पोत्यात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायचा आणि पावती घेऊन परत यायचा. ती पावती आणि परवान्याचं पुस्तक देवघराच्या फडताळात असायचं. मामाकडे बंदूक आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि माहीत असणं हाच तिचा निम्मा उपयोग होता.

माझ्या मैत्रिणीच्या कमरेवरची गोष्ट याच्या अगदी उलट. ती कुणाला माहीत नसणं हाच तिचा सगळा मुद्दा. म्हणून स्वतःसाठी बघायला बंदुकीच्या दुकानात गेले तेव्हा मामाच्या दुनळीचा अनुभव काहीच कामाला आला नाही.

दुकान कसं असेल याची मी फार कल्पना केली होती. प्रत्यक्षात ते एखाद्या सराफी पेढीसारखं होतं. काचेचं लांब काउंटर, आत मंद दिवे, ओळीने मांडलेल्या लहान लहान वस्तू आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी. पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ पुढे आला. माझा अंदाज होता की तो मला गुलाबी मुठीचं काहीतरी दाखवेल. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "रोज कपडे काय घालता?" दुसरा: "घरात कोण कोण आहे?" पिस्तुलाबद्दल त्याने तिसऱ्या प्रश्नापर्यंत अवाक्षर काढलं नाही. मला ते तेव्हा वेळ घालवणं वाटलं. आता वाटतं, निवडीबद्दल मला कुणी काही शहाणपणाचं सांगितलं असेल तर ते याच दोन प्रश्नांनी.

त्याने पहिलं पिस्तूल बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातांकडे मी बघत होते. गोळ्यांचं मॅगझिन खाली काढून बाजूला ठेवलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून अडकवली, गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोळ्याने बघितलं, मग करंगळी घालूनही बघितलं, आणि तसंच उघडं माझ्याकडे दिलं, नळी भिंतीकडे करून. रिकामं आहे हे त्याला माहीत होतं, त्यानेच ते दहा मिनिटांपूर्वी आणखी कुणाला दाखवलं होतं. तरी त्याने सगळं पुन्हा केलं. रक्ताची पिशवी देताना आम्ही असंच करतो. रुग्णाचं नाव, नंबर, गट, मुदत, दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचं, मग समोरच्याने ते शंभरदा वाचलेलं असो. त्या माणसाबद्दल मला तिथेच विश्वास वाटला.

काउंटरवरची नावं आता मला पाठ झाली आहेत. रुगरचं एलसीपी, २००८ साली आलेलं, पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, खरोखर जीन्सच्या खिशात मावणारं. ग्लॉक ४३, सडपातळ, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. सिगचं पी३६५, ज्याने २०१८ मध्ये या सगळ्या बाजाराचं गणितच बदललं, कारण इंचभर जाडीच्या अंगात त्यांनी दहा गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, ज्याचा घोडा (हॅमर) आतच झाकलेला असतो, म्हणजे कपड्यात अडकत नाही. आणि त्याच कंपनीचं शील्ड ईझेड, ज्याची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवली आहे, हाताची ताकद कमी असलेल्यांसाठी. नऊ एमएमचं पिस्तूल हातात घेताना एक विचित्र भावना झाली. भारतात नऊ एमएम म्हणजे फौज आणि पोलीस, सामान्य माणसाला ते निषिद्धच, फार तर बत्तीस बोअर मिळतं. २०१२ च्या दिल्लीतल्या त्या घटनेनंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या आयुधनिर्माणीने 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअरचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं होतं, सव्वा लाखाच्या घरात किंमत. माझ्या मावसबहिणीने तेव्हा मला फोन करून विचारलं होतं, ज्या मुलीला रात्री बस मिळत नाही तिने हे कुठून घ्यायचं? त्या काउंटरवर उभी असताना मला तिचा आवाज ऐकू येत होता. कारण माझ्यासाठी ते अवघड नव्हतंच. एचवन व्हिसावर होते तेव्हा, मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगणंच गुन्हा होता. नागरिकत्व घेतल्यावर एक फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची, ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे होते, आणि पिस्तूल घेऊन बाहेर पडायचं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षं पूर्ण असतील आणि कायद्याने अपात्र नसाल, तर ते कमरेला लावून हिंडायला परवानाही लागत नाही.

लहान घ्यावं, हे मला न सांगताही पटलेलं होतं. लपवायचं तर लहानच हवं. या समजुतीतून बाहेर पडायला नेमबाजीच्या रेंजवर जावं लागलं.

रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात. कानात बोळे, वर मोठे हेडफोनसारखे कानझाप, डोळ्यांना चष्मा. तरी शेजारच्या गाळ्यातला प्रत्येक बार छातीत जाणवतो, कानापेक्षा आधी बरगड्यांना कळतो. जळलेल्या दारूचा वास फटाक्यांसारखा नसतो, जास्त धातूचा असतो, जिभेवर बसतो. मी सगळ्यात लहान ते आधी मागितलं. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळत राहिली. लक्ष्य सात यार्डांवर, म्हणजे आपल्या दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिला बार काढला आणि अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात असा झटका बसला की दुसऱ्या वेळी बोटाने ट्रिगर दाबायच्या आधीच माझं मनगट घाबरून खाली गेलं. गोळ्या कागदाच्या तळाशी कुठेतरी लागल्या. प्रशिक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, धक्का आहे तेवढाच आहे, तो झेलायला वजन कुठे आहे? पिस्तूल जितकं हलकं, तितका तो हाताने झेलायचा. रिव्हॉल्व्हरचं तेच. दिसायला साधं, अडकण्याचं भय कमी, जुने लोक त्याचीच शिफारस करतात, पण त्याचा ट्रिगर इतका जड की पूर्ण ओढेपर्यंत नळीचं टोक थरथरत राहतं. मग त्यांनी मला ग्लॉक १९ दिलं, या सगळ्यांपेक्षा चांगलंच मोठं, पंधरा गोळ्यांचं. तिन्ही बोटं मुठीवर बसली, तळहात भरला, आणि त्याच अंतरावर माझ्या गोळ्या बशीएवढ्या गोलात लागायला लागल्या. हात तोच, डोळे तेच.

म्हणून मला वाटतं की बायकांना "तुझ्यासाठी हे छोटंसं" म्हणून जे पुढे केलं जातं, ते शिकणाऱ्याच्या हातात द्यायच्या लायकीचं नाही. लपवायला जितकं सोपं, चालवायला तितकंच अवघड. चिमुकलं पिस्तूल हे सराव झालेल्या माणसाचं काम आहे, आणि ते विकलं जातं मात्र नवख्या माणसाला, बहुतेकदा नवख्या बाईला. याचा मला राग येतो. वर्षानुवर्षं ते पर्समध्ये पडून राहतं, दुखतं म्हणून कुणी सरावाला नेत नाही, आणि ज्या क्षणासाठी घेतलं त्या क्षणी हात अनोळखी असतो. माझ्या हाताला बरं बसलं ते मधलं, दहा गोळ्यांचं, थोडी लांब मूठ असलेलं, आणि ते शील्ड ईझेड, कारण त्याची स्लाइड मी न धडपडता मागे ओढू शकत होते. रेंजवरून निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे असतात, शिशाचे कण असतात म्हणून. बेसिनवर ती पाटीच आहे. मी हात धुतले आणि माझ्या मैत्रिणीने सोऱ्या घ्यायच्या आधी हात धुतले होते ते आठवलं.

मग कपडे. पुरुषाला जाड पट्टा असतो, पट्ट्याला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, वर सोडलेला शर्ट, संपलं. माझं अर्धं आयुष्य सलवार-कुडत्यात गेलं आहे. नाडी अर्धा किलो धरत नाही, इलॅस्टिक तर नाहीच. रुग्णालयात घालायच्या स्क्रब्जची पॅंटही नाडीचीच. पोटाला गुंडाळायचे रुंद पट्टे मिळतात, पण साधं कापड ट्रिगर झाकतं, अडवत नाही, आणि होल्स्टरचं पहिलं काम ट्रिगरला कशाचाही धक्का लागू न देणं हे आहे. त्यासाठी कडक प्लास्टिकचं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं कवच लागतं, आणि ते कवच बसल्यावर बरगडीखाली टोचतं, गाडी चालवताना मांडीत रुततं. मैत्रीण म्हणाली, पहिले काही महिने रोज निळे डाग असायचे. मी विचारलं, मग पर्स? ती म्हणाली, "पर्स कधीच नाही." आणि मला तिने आयडाहोची गोष्ट सांगितली, जी मी तेव्हा बातम्यांत पाहिली होती आणि विसरले होते. ३० डिसेंबर २०१४, हेडन नावाच्या गावातलं वॉलमार्ट. एक तरुण आई, परवाना असलेली, हुशार, शास्त्रज्ञ. पिस्तूल ठेवायचा खास कप्पा असलेली पर्स, नाताळची भेट मिळालेली. पर्स सामानाच्या गाडीत, शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा. त्याने पर्स उघडली आणि ट्रिगर दाबला गेला. ती तिथेच गेली.

त्या बाईने सगळं नियमाने केलं होतं. कप्पासुद्धा वेगळा होता. फक्त ते तिच्या अंगावर नव्हतं.

इथून पुढे माझा विचार पिस्तुलावरून सरकला आणि घड्याळावर गेला. टेक्सासात दारांवर पाट्या असतात, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत, वर ३०.०६ किंवा ३०.०७ असे कलमांचे आकडे. लपवून आणलेलं चालणार नाही, उघडं आणलेलं चालणार नाही, अशा त्या पाट्या. ज्यांची निम्म्याहून जास्त कमाई दारूच्या विक्रीतून होते अशा जागांवर लाल रंगात ५१ टक्के लिहिलेलं. इतकी वर्षं मी या पाट्यांखालून ये-जा केली होती. मैत्रिणीबरोबर एक दिवस बाजाराला गेले तेव्हा बघितलं, ती प्रत्येक दाराशी क्षणभर थांबून वाचते. पाटी असेल तर परत गाडीकडे. गाडीत बसून, इकडेतिकडे बघून, होल्स्टरसकट काढायचं, सीटखालच्या साखळीने बांधलेल्या पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं. परत आल्यावर पुन्हा चढवायचं. मुलांच्या शाळेत कार्यक्रम असला की हेच. एडिसनला नणंदेकडे जायचं तर ते घरीच, कारण टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. दिवसाचे तास मोजले तर ते अंगावर असतं त्याहून अंगावर नसतं तेच जास्त.

आणि माझं तर स्पष्टच होतं. रुग्णालयात ते नेता येत नाही, येऊही नये. २०११ पासून कायदा असा आहे की नोकरदाराला आपल्या कुलूपबंद गाडीत, कामाच्या ठिकाणच्या पार्किंगमध्ये, ते ठेवता येतं. म्हणजे माझं पिस्तूल गाडीत असणार. मी भिते ती कुठे? दारापासून गाडीपर्यंत. मागचं दार, रुंद रस्ता, फडफडणारा दिवा, तिसरा मजला. त्या सगळ्या वाटेवर ते माझ्यापाशी नसणार, आणि गाडीत बसून दारं लॉक केल्यावर असणार, जेव्हा माझे खांदे तसेही सैल व्हायला लागलेले असतात. शिवाय आठ तास ते तिथे पडून राहणार, त्याच इमारतीत, जिथे गाड्यांच्या काचा फुटतात. इथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांतल्या पुष्कळशा गाड्यांतूनच जातात, आणि चोरीला गेलेलं पिस्तूल पुढे कुठे तरी कुणावर तरी चालतं.

ते चालतं तेव्हा फोन आमच्याकडे येतो. रक्तपेढीत एक फोन असतो ज्याची घंटी वेगळी आहे. "मोठा रक्तस्राव, पुरुष, वय वीसच्या पुढे, नाव माहीत नाही." नाव नसेल तर आम्ही त्याला तात्पुरतं नाव देतो. निळ्या थंड पेटीत लाल पेशींच्या पिशव्या, वितळवलेला प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळ्या. गट तपासायला वेळ नसतो म्हणून ओ गट, तरुण बाई असेल तर ओ निगेटिव्ह, पुरुषाला ओ पॉझिटिव्ह. पेटी घेऊन कुणीतरी पळतं. आम्ही लगेच दुसरी भरायला घेतो, कारण पहिली संपायच्या आत ती तयार हवी. कधी तिसरी, चौथी. आणि कधी मध्येच फोन येतो, "थांबवा." त्या एका शब्दानंतर भरलेली पेटी परत उघडायची, पिशव्यांचं तापमान बघायचं, चालतील त्या फ्रिजमध्ये परत लावायच्या. मी जखमी माणूस कधीच बघत नाही. मी फक्त पिशव्या मोजते. पण नऊ एमएमची गोळी किती पिशव्या मागते ते मला कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त माहीत आहे, आणि काउंटरवर "थांबवायची ताकद" वगैरे बोलणं चालतं तेव्हा माझ्या कानात तो दुसरा फोन वाजत असतो.

घरात माझा मुलगा आहे, सोळा वर्षांचा. गुणी आहे, प्रेमळ आहे. मागच्या वर्षी काही महिने तो फार गप्प झाला होता. जेवायला यायचा, ताट उचलून परत खोलीत. दाराबाहेर उभी राहून मी आतला टाइपिंगचा आवाज ऐकायचे आणि त्या आवाजाने मला बरं वाटायचं. तो काळ गेला. आता तो पुन्हा स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसतो आणि मी काम करत असताना बडबड करतो. पण मला आकडे माहीत आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातली २६,३२८, म्हणजे निम्म्याहून जास्त, स्वतःच्या हाताने. इतर मार्गांनी प्रयत्न करणारे बहुतेक जण वाचतात आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. बंदूक असेल तर दहातले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. ती वाईट वेळ कधी काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. टेक्सासचा कायदा सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणाऱ्याला गुन्हेगार धरतो. माझा मुलगा येत्या मे महिन्यात सतरा पूर्ण करेल, मग कायद्याला त्याचं काही नाही. मला आहे.

दुकानातल्या त्या गृहस्थाने दुसरा प्रश्न का विचारला होता ते मला आता पुरतं कळलं आहे. लपवायचं कुणापासून? परक्या माणसापासून लपवायला कुडता पुरतो. घरातल्या माणसापासून लपवता येतच नाही. मुलांना आईच्या कपाटातलं सगळं माहीत असतं. मलाही आजीच्या ट्रंकेत काडतुसं कुठल्या बाजूला आहेत ते माहीत होतं. आजीने ती लपवली नव्हती, कुलपात ठेवली होती आणि किल्ली अंगावर ठेवली होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ते त्या न शिकलेल्या बाईला कळत होतं.

म्हणून मी निवडीचा क्रम उलटा केला. आधी पेटी. भिंतीच्या खांबात स्क्रूने ठोकून बसवलेली, आकड्यांवर उघडणारी, आणि आकडे फक्त माझ्या डोक्यात. मग कवच, कारण ते अंगावर दिवसभर सहन झालं नाही तर पिस्तूल पर्समध्ये जाणार हे नक्की. पिस्तूल शेवटी. आणि ते घेतलंच तर प्रवासासाठी, मैत्रिणीसारखं रात्री गल्ला घेऊन निघावं लागलं तर, अशा कामासाठी. पार्किंगच्या भीतीवर ते औषध नाही, हे मी स्वतःला स्पष्ट सांगितलं आहे. त्यावर मी वेगळं काही केलं. आमच्या पाळीतल्या फिलिपिनो आणि नायजेरियन मैत्रिणींना विचारलं तर कळलं, सगळ्यांचे खांदे त्या दारापाशी ताठतात. आता आम्ही चौघी-पाच जणी एकमेकींसाठी थांबून एकत्र निघतो, आणि कुणी एकटीच उरली तर रखवालदाराला बोलावते, मग त्याला यायला वेळ लागला तरी चालेल. फडफडणाऱ्या दिव्याची तक्रार सगळ्यांच्या सह्यांनी लिहून दिली आहे.

मैत्रिणीशी यावर एकदा सविस्तर बोलणं झालं. ती तिच्या जागी बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. तिचं दुकान एकदा लुटलं गेलं होतं, तिच्या नवऱ्याच्या कपाळावर पिस्तूल टेकवलं होतं, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं एकत्र फराळ करूनही मला माहीत नव्हतं. ती दर महिन्याला रेंजवर जाते, घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करते तेव्हा गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवते. मी विचारलं, निवांत वाटतं का गं? ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "निवांत नाही वाटत. सतत भान ठेवावं लागतं. कोण मागे उभं आहे, कोण मिठी मारायला येतंय, कुठल्या बाजूने. तू त्या दिवशी उजवीकडून आलीस, मी डावी बाजू पुढे करायला विसरले."

नवऱ्याचा सुरुवातीला साफ विरोध होता. आता तो म्हणतो, घरात येणार असेल तर मलाही ते उघडून रिकामं करता आलं पाहिजे, नाहीतर मी आंधळ्यासारखा त्याच्याभोवती वावरणार. हे मला पटलं. मुलाशी आम्ही दोघं बसून बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तुला नक्की कशाची भीती वाटते?" त्याला मी पार्किंगचं सांगितलं, आणि त्याच्या त्या गप्प महिन्यांचंही सांगितलं. दोन्हीचं. बराच वेळ बोललो मग आम्ही.

परवान्याची आता सक्ती नाही, पण वर्ग अजून चालतात. काही तासांचं शिक्षण, लेखी परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, आणि अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण. पुढच्या महिन्यातल्या वर्गाला माझं नाव दिलं आहे, नवऱ्याचंही. पिस्तुलाचं त्यानंतर बघू.